गेली म्हणजे कुठे गेली?

आपल्या बायकोचा, सरलाबाईंचा, मोबाईल बंद पडू द्यायचा नाही, एवढंच उखाभाऊंनी ठरवलं होतं. सरलाबाईंना जाऊन चार महिने झाले, पण त्यांचा फोन रोज सकाळी चार्जिंगला लागायचा. (लेक हर्षदा पलसाण्याला आपल्या संसारात. लिंबायत वस्तीतल्या त्या दोन खोल्यांत ‘कशासाठी?’ असं विचारायलाही कुणी उरलं नव्हतं.)

त्या फोनात एक ग्रुप होता, ‘वाकडे बिऱ्हाड मंडळ’. ‘वाकडे बिऱ्हाड’ ही रोज आठ वाजताची विनोदी मालिका. सरलाबाई ती बघताना तोंडाला पदर लावून हसायच्या आणि भाऊ शेजारी बसून चिडायचे. तीस वर्षं कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात काढलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. त्यांचं चिडणं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं.

“हाऊ जावई रोज पडस! याले घरमा चालता येत नही का?”

“तुमले काही समजाव नही,” म्हणत सरलाबाई आणखीच हसायच्या.

रविवारी सकाळी ग्रुपवर त्याच जावयाची आरती चाललेली दिसली आणि भाऊंना राहवलं नाही. एका बोटाने अर्धा तास खपून त्यांनी लिहिलं, ‘जावयाला काढा. पडणे हा विनोद नाही.’

फोन टिणटिण वाजायला लागला.

‘अगं सरलाताई! होतीस कुठे इतके दिवस?’

‘पण तुला तर जावई आवडायचा ना?’

भाऊ घाबरले. घाईघाईने लिहिलं, ‘मी तिचा मालक. सरला गेली.’

‘कुठे गेली?’

आता याला काय सांगायचं? आजवर ‘गेली’ म्हटलं की समोरचा माणूस मान खाली घालायचा. पुढचा शब्द उच्चारायची पाळी भाऊंवर कधी आलीच नव्हती. तो टाईप करायला त्यांनी बोट उचललं आणि ते हवेतच राहिलं.

‘गावी गेली का?’

‘नाही.’

‘मग कधी येणार?’

‘येणार नाही.’

‘भांडलात का भाऊ?’

(इथे भाऊंना प्रामाणिकपणा नडला. दवाखान्यात न्यायच्या आदल्या संध्याकाळीसुद्धा दोघांचं रिमोटवरून वाजलं होतं.) त्यांनी लिहिलं, ‘हो. मालिकेवरून.’

दुपारी दारात रिक्षा थांबली. ग्रुप चालवणाऱ्या कमलताई थेट कामरेजहून आल्या होत्या, सोबत आणखी दोघी. मागे हळदीकुंकवाला सरलाबाईंनी सगळ्यांना पत्ता धाडला होता. तेव्हा कुणाला जमलं नव्हतं.

“काय हो भाऊ,” कमलताई उंबऱ्यातूनच कडाडल्या, “एवढ्याशा सिरीयलपायी बाईमाणसाने घर सोडायचं? माहेरी आहे का ती? पत्ता द्या, आम्ही आणतो समजूत काढून. साठीला आलात, जरा तरी...”

भाऊ नुसते बाजूला सरकले. समोर भिंतीवर हार घातलेला फोटो होता.

कमलताईंचं वाक्य तिथेच तुटलं. चपला काढायचंही भान न राहता त्या आत आल्या आणि फोटोखाली मटकन बसल्या.

“आम्हाला वाटलं, रुसली,” त्या कशाबशा म्हणाल्या.

“रुसली असती तर बरं होतं,” भाऊ म्हणाले. “जाऊन पाय धरले असते.”

कमलताईंनी डोळे पुसले, आपला फोन काढला आणि सरलाबाईंचे जुने निरोप वाचून दाखवायला घेतले.

‘आज मालकांनी टीव्हीला बोट दाखवून दम दिला.’

‘आज मालक जावयाला म्हणाले, हिंमत असेल तर बाहेर ये.’

‘आजचा भाग अगदीच बेचव होता. मालकांनी सावरला.’

भाऊंचा चेहरा हळूहळू बदलत गेला. “म्हणजे ती हसायची, ती मला...?”

“भाऊ, खरं सांगू? मालिका आमच्यातली कुणी धड बघतच नाही. साडेआठला सरलाताईचा निरोप यायचा, त्याची वाट बघायचो. चार महिने ग्रुपवर नुसते शिळे फोटो फिरतात.” उठताना त्या म्हणाल्या, “आता तुम्हीच लिहीत जा.”

जन्मभर भाऊ स्वतःला तापट माणूस समजत आले होते.

कमलताईंनी रिक्षातूनच ग्रुपवर खरं काय ते कळवलं. आठ वाजता भाऊंनी टीव्ही लावला. जावई पडला. शेजारच्या रिकाम्या जागेकडे न बघता भाऊंनी नेटाने लिहून काढलं, ‘आज दोनदा पडला. लेखकाला शरम वाटली पाहिजे. मी चेष्टा करत नाही.’

हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले पिवळे चेहरे ग्रुपवर भराभर येऊन पडले. त्यांच्यामागून, दिवसभरातले निरोप न वाचलेल्या कुण्या बाईंनी लिहिलं, ‘सरलाताई, मालकांची नक्कल करावी ती तूच! अगदी हुबेहूब!’

भाऊंनी चष्मा पुसला, ती ओळ दोनदा वाचली आणि एका बोटाने उत्तर धाडलं, ‘थँक्यू.’