बाबालालचाचांचं भारमान

आमच्या शेजारचे बाबालालचाचा रोज सकाळी नाश्ता झाला, की हॉलच्या दारात उभे राहतात आणि तिकिटाचा जुना पंच चौकटीवर दोनदा वाजवतात. टिक टिक. मग म्हणतात, "जाऊ द्या." त्याबरोबर टीव्हीखालून परातीएवढं एक गोल यंत्र घरघरत बाहेर येतं आणि फरशी झाडायला लागतं.

यंत्राला पंच ऐकू येत नाही. ते आपल्या ठरल्या वेळेला निघतं. ती वेळ चाचांच्या मुलाने, इरफानने, दोहात बसून मोबाइलवरून लावून ठेवली आहे. मी एकदा हे चाचांना समजावून सांगायला गेले.

"ठावं हाय मला, ताई," ते म्हणाले. "पर बेल दिल्याबिगर गाडी हलवायची न्हाई. पायरीवर कोण असलं म्हंजे?"

चाचा जन्मभर लाल गाडीवर कंडक्टर होते. निवृत्त होऊन मलकापुरात आमच्या मजल्यावर राहायला आले, पण गाडीतून काही उतरले नाहीत. लिफ्टमध्ये आम्ही दोघंच असलो तरी "मागं सरका, मागं जागा हाय" म्हणतात. माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या मुलांना जिन्यात अडवून सुट्टे आहेत का विचारतात. मुलं पहिल्यांदा घाबरली, आता खिशातून चिंचोके काढून देतात.

यंत्र आलं ते हलिमाचाचींच्या गुडघ्यांमुळे. त्यांना वाकवत नाही म्हणून इरफानने एका चिनी कंपनीचं हे यंत्र पाठवलं. झाडतंही, पुसतंही. पहिल्या दिवशी ते खणखणीत चिनीत काहीतरी बोललं. चाची पदर सावरून आत गेल्या. चाचा मात्र जागचे हलले नाहीत. "तिकडं जतच्या गाडीला कानडी पाशिंजर असायचे," ते म्हणाले, "बोली कळायची न्हाई, पर उतरायचं कुठं त्ये कळायचं." संध्याकाळी इरफानने तिकडून भाषा बदलली आणि यंत्र हिंदीत बोलू लागलं. चाचांना ते थोडं खटकलंच.

पुढे घरात एक सबंध आगार उभं राहिलं. यंत्र चार्जिंगला बसतं तो डेपो. स्वयंपाकघर लांब, म्हणून ते म्हसवड. मधली खोली औंध. न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी यंत्र अडतं आणि माघारी वळतं, तर "तिथनं म्होरं घाट हाय, गाडी जात न्हाई." पोछ्याची फेरी म्हणजे जादा गाडी. कंपनीला ते चीनचं महामंडळ म्हणतात आणि तिच्याबद्दल फार आदराने बोलतात. "वर्कशॉपचं काम चोख हाय त्यांचं. एक नट वाजत न्हाई."

अडचण एकच होती, आणि ती चाचींची. यंत्र निघायच्या आधी चाची कमरेवर हात ठेवून, कण्हत कण्हत सगळं घर झाडून घ्यायच्या. मी म्हटलं, अहो चाची, मग यंत्र कशाला?

"मशिन झालं तरी परमुलखातलं," त्या म्हणाल्या. "त्येच्याम्होरं कचरा ठिवायचा व्हय? काय म्हणंल?"

त्यामुळे यंत्र रोज म्हसवडपर्यंत जाऊन रिकाम्या पोटी डेपोत परत यायचं. आणि हे दोहात कळायचं. किती झाडलं, कुठे अडकलं, सगळं इरफानच्या मोबाइलवर उमटतं. चाचा फोन नेहमी स्पीकरवर ठेवून, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोलतात. त्यामुळे इरफानचं म्हणणं आमच्या अख्ख्या मजल्याला समजलं. अम्मी झाडतेच आहे तर यंत्र इथे फुकट फिरतंय, ते सांगलीला थोरल्या बहिणीकडे, नसीमआपाकडे देऊन टाका, तिच्याकडे लहान पोरं आहेत, असं तो म्हणत होता. म्हणणं काही चुकीचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चाचा आमच्या दारात आले. चेहरा उतरलेला.

"भारमान न्हाई म्हणतोय," ते म्हणाले.

भारमान म्हणजे गाडी किती भरून धावते त्याचं माप. ते कमी पडलं की फेरी बंद होते. म्हसवडच्या पलीकडे एका वस्तीवर चाचांची मुक्कामी गाडी जायची. ती टिकावी म्हणून ते पायरीवर उभे राहून वडापच्या, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या खासगी जीपला थांबलेल्या लोकांना हाका मारायचे, "आवं, त्या वडापाच्या नादाला कशाला लागताय, आपली गाडी हाय की!" तरी ती बंद पडलीच. शेवटच्या फेरीला आत चाचा आणि ड्रायव्हर दोघंच होते. चाचांनी तरीही बेल दिली होती.

म्हणून ते भारमानाच्या मागे लागले. चाचींचं झाडून झालं की चाचा हळूच औंधपासून म्हसवडपर्यंत चुरमुरे टाकत जायचे. मूठभर इथे, मूठभर तिथे, थांब्याथांब्यावर. यंत्र ते सगळे गोळा करून भरल्या पोटाने परत यायचं. चाची मला म्हणाल्या, "येडा झालाय म्हातारा." हसत होत्या, मात्र त्यांनी चुरमुऱ्यांचा डबा खालच्या फळीवर आणून ठेवला होता.

तशात यंत्र वरचेवर अडकायला लागलं. दर वेळी त्याच्या ब्रशात पायजम्याची नाडी गुंडाळलेली असायची. चाचांची बोटं जाड, म्हणून मला हाक यायची. मी कात्रीने नाडी कापून काढायची आणि मनात म्हणायची, या माणसाचे पायजमे तरी आहेत किती?

परवा मी वाटीभर आमटी द्यायला गेले, तर यंत्र सोफ्यापाशी अडकून नुकतंच थांबलेलं. चाचा खुर्चीत बसले होते, मोबाइल मांडीवर. मी आपली सवयीने वाकले, यंत्र उलटं केलं, नाडी या वेळी अख्खीच सुटून आली, बटण दाबलं. यंत्र घरघरत म्हसवडकडे निघालं. मी काम फत्ते केल्यासारखी उभी राहिले.

चाचा माझ्याकडे बघत नव्हते. मोबाइलकडे बघत होते. तो वाजला नाही.

"आज लवकर सुटली गाडी," ते हळूच म्हणाले.

चाची स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "गाडी अडकली की तिकडं इरफानच्या मोबाइलवर घंटी वाजती. मंग त्यो फोन करतो. न्हाईतर जुम्म्याला एकदाच. त्योबी कामात असला तर न्हाई."

मला एकदम वाईट वाटलं. इतके दिवस मी ब्रेकडाऊन काढत होते, आणि हा माणूस ब्रेकडाऊनची वाट बघत बसलेला असायचा.

यंत्र म्हसवडहून वळलं आणि चुरमुरे गिळत परत येऊ लागलं. हातातली नाडी मी सोफ्यापुढे त्याच्या वाटेवर टाकली. चाचांनी ते पाहिलं आणि खिडकीबाहेर बघू लागले. यंत्र आलं, नाडी ओढली, कण्हलं, थांबलं. मी ते उचललं नाही. आमटीची वाटी हातात धरून तशीच उभी राहिले.

मोबाइल वाजला.

चाचांनी लगेच उचलला नाही. आधी शर्टाची वरची गुंडी लावली. मग स्पीकर सुरू केला आणि नेहमीच्या आवाजात, त्यांच्या घरच्या बोलीत म्हणाले, "हां रे बेटा, गाडी बंद पडी. नई नई, सांगली कू कायकू भेजता? हियां पाशिंजर बहोत हैं."