साहेबांना थंड व कोरड्या जागी ठेवा

इंग्रजीच्या परीक्षेत मी पहिला येणार, हे मी परीक्षेच्या बावीस दिवस आधीच सांगून टाकलं होतं. आणि सांगितलं कुणाला? टेपला!

टेप म्हणजे आमच्या पॅकिंग खात्याचा मुकादम. आमचा पुठ्ठ्याची खोकी बनवायचा कारखाना. खोक्यांच्या गठ्ठ्यांना चिकटपट्टी मारायचं काम त्याच्याकडे, म्हणून तो टेप. स्वतःच्या तोंडाला मात्र त्यानं कधी टेप मारली नाही. त्याच्या कानात एक गोष्ट घातली की जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती अख्ख्या कारखान्याला पाठ!

मी तिथं सत्तावीस वर्षं बॉयलर सांभाळतो. पुठ्ठा चिकटवायला वाफ लागते, ती मी देतो. दाबाचा काटा, पाण्याची काच, दहाबारा व्हॉल्व्ह, एवढं माझं राज्य. सगळे मला मामा म्हणतात.

तर एक दिवस नोटीस लागली. नवा बॉयलर आणि नवी यंत्रं येणार. त्यांच्यावरच्या सूचना इंग्रजीत. तेव्हा बॉयलर, मशिन, पॅकिंग आणि स्टोअर मिळून एकोणीस माणसांची इंग्रजीची परीक्षा. शब्दांना तीस मार्क, व्याकरणाला चाळीस, उतारा वाचून उत्तरं लिहायची त्याला तीस. पन्नासच्या खाली जो जाईल, त्याची बदली गेटवर.

गेटवरची खुर्ची चांगली आहे. गादी आहे, पंखा आहे. पण माझी बायको जाऊन आठ महिने झालेत. घरी गेलो की मला भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतं. बॉयलरच्या खोलीत तसं नाही. तो फुसफुसतो, कुरकुरतो, मध्येच ओरडतो. माणसाला सोबत वाटते. गेटवर काय? खुर्ची, वही आणि शांतता. शांतता माझ्याकडे घरी भरपूर आहे!

"मामा, तुमचं इंग्रजी कितपत?" टेपनं खवचटपणे विचारलं.

"आमच्या घरी दोन वर्षं इंग्रजीची शाळा चालू होती," मी म्हणालो. "पहिला येणार. लिहून घे!"

शाळा खरंच होती. बायकोनं पन्नाशीनंतर इंग्रजी शिकायला घेतलं. मास्तर नाही, पुस्तक नाही. घरात इंग्रजी छापलेलं जे येईल, ते तिचं पुस्तक. खोकल्याच्या औषधाची बाटली, कुकरसोबतचा कागद, स्वेटरच्या मानेवरची चिंधी. त्यावरचं वाक्य ती वहीत उतरवायची, लेकीला फोन करून अर्थ विचारायची आणि रोज सकाळी चहाच्या वेळी मला ऐकवायची.

"अहो, म्हणा. शेक वेल बिफोर यूज."

"हूं," मी पेपरामागून म्हणायचो.

"हूं नाही. म्हणा."

"म्हटलं समज."

ती वही मी कपाटातून काढली. शंभर पानी. वही दोन्ही बाजूंनी वापरायची तिची सवय. पुढून अभ्यास, आणि उलटी करून मागून घरची टिपणं. मागची बाजू मी उघडली नाही. तिथं वाण्याची यादी असणार. ती यादी वाचायची माझी अजून तयारी नव्हती.

पण पुढून मी जो सुटलो! बावीस दिवस, सकाळ-संध्याकाळ. बॉयलरसमोर उभा राहून ओरडायचो, "कीप इन अ कूल ड्राय प्लेस!" बॉयलर म्हणायचा, "फुस्स!" वहीच्या शेवटी शेवटी औषधंच जास्त होती. तीही केली पाठ. एकही वाक्य सोडलं नाही.

एवढी तयारी अंगात मुरली की ती कुठूनही बाहेर पडायला लागते. एका संध्याकाळी लेकीचा फोन आला.

"बाबा, जेवलात का?"

मी तंद्रीत होतो. म्हणालो, "वन टॅब्लेट ट्वाइस डेली आफ्टर फूड."

"काय? कसली गोळी? बाबा, तुम्ही गोळ्या कधीपासून घेताय?"

"डू नॉट एक्सीड द स्टेटेड डोस," मी आनंदानं सांगितलं.

"बाबा! किती घेतल्यात?"

"अगं, तसं नाही," असं म्हणेपर्यंत फोन बंद! चाळीस मिनिटांत लेक, जावई आणि त्यांच्या ओळखीचे एक डॉक्टर दारात हजर. डॉक्टरांनी माझी नाडी धरली, डोळ्यात बॅटरी मारली, जीभ बाहेर काढायला लावली. जावयानं न्हाणीघरातली केराची बादली उलटी करून गोळ्यांची पाकिटं शोधली.

"बाबा, मला ओळखलंत?" लेक रडवेली.

"ओळखलं गं बाई! मी परीक्षेला बसलोय!"

"कसली परीक्षा? या वयात?"

मी वही दाखवली. तिनं दोन पानं उलटली. आईचं अक्षर पाहिलं आणि त्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "बाबा, पण ही तर सगळी बाटल्यांवरची वाक्यं आहेत."

"मग? बाटल्यांवर काय चुकीचं इंग्रजी छापतात?"

डॉक्टर म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे." आणि चहा पिऊन गेले.

परीक्षा कँटीनमध्ये झाली. पेपर काढणाऱ्या बाई बाहेरून आल्या होत्या. किडकिडीत, पांढऱ्या केसांच्या. चष्म्यावरून अशा बघायच्या की टेपसुद्धा गप्प! तोही परीक्षेला बसला होता, माझ्या मागच्याच बाकावर.

शब्द बरे गेले. उतारा वाचला आणि मी बाकावर उडालोच! एका गोदामात औषधांची खोकी भिजतात, त्याची हकिगत. खोकी माझ्या कारखान्याची, औषधं माझ्या बायकोच्या वहीतली! एक्स्पायरी, डॅम्प, सील्ड, सगळे ओळखीचे पाहुणे. मी उत्तरं अशी लिहिली जसा मी त्या गोदामाचा मालक.

मग व्याकरण. प्रश्न एकच. 'तुमच्या वरिष्ठांविषयी इंग्रजीत पाच वाक्यं लिहा. प्रत्येक वाक्याला आठ मार्क.'

आता मी प्रामाणिक माणूस. नुसती पाठ केलेली वाक्यं ठोकून दिली नाहीत. आमच्या साहेबांना लागू पडतील अशीच निवडली. साहेबांच्या केबिनला एसी आहे, म्हणून पहिलं लिहिलं, 'थंड व कोरड्या जागी ठेवा.' सकाळी अकरापर्यंत साहेब जरा पेंगलेले असतात, म्हणून दुसरं, 'वापरण्यापूर्वी चांगले हलवा.' माल वेळेत गेला नाही की ते तापतात, म्हणून कुकरवरचं तिसरं, 'आत दाब असताना उघडू नका.' साहेबांची दोन मुलं केबिनमध्ये आली की टेबलावरचे कागद फाडतात, म्हणून चौथं, 'मुलांच्या हाती लागू देऊ नका.' आणि साहेब डोळे वटारण्यात पटाईत आहेत, म्हणून पाचवं, 'डोळ्यांशी संबंध आल्यास भरपूर पाण्याने धुवा.' सगळं शुद्ध इंग्रजीत. छापल्यासारखं!

बाहेर आल्यावर टेपनं विचारलं, "मामा, साहेबांवर काय लिहिलंत?"

माझी छाती फुगलेली. पाचही वाक्यं अर्थासकट म्हणून दाखवली. टेप खाली बसला. पोट धरून हसला. मला वाटलं, माझ्या इंग्रजीवर खूश झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आले तेव्हा त्यांच्या केबिनच्या दारावर खोक्यांवरचं लेबल चिकटवलेलं होतं. छत्रीचं चित्र आणि खाली 'कोरडे ठेवा.' दहा वाजता खुर्चीच्या पाठीवर दोन बाण आणि 'ही बाजू वर.' बारा वाजता साहेब फेरीवर निघाले तर पाठीवर 'नाजूक माल'! कुणीतरी पाठीवर थाप मारल्यासारखं करून चिकटवलं होतं. साहेबांनी अख्खा कारखाना तसाच फिरून काढला. लोक वाकून नमस्कार करत होते. खरं म्हणजे हसू लपवत होते. साहेबांना वाटलं, आज काय शिस्त आहे!

दुपारी मला बोलावणं आलं. केबिनमध्ये साहेब, परीक्षेच्या बाई आणि टेबलावर माझा पेपर. साहेबांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला दाबाचा काटा आठवला. लाल रेघेच्या वर!

"हे काय लिहिलंय तुम्ही?" साहेब गरजले. "मला हलवा? मला मुलांच्या हाती लागू देऊ नका?"

"साहेब, तुम्हाला दोन मुलं आहेत. तुमच्या टेबलावरचे कागद..."

"गप्प बसा! डोळ्यांशी संबंध आला तर धुवा? सत्तावीस वर्षं इथं आहात, हीच का माझी किंमत तुमच्या लेखी? उद्यापासून गेटवर!"

गेट! खुर्ची, वही आणि शांतता!

"साहेब," मी म्हणालो, "वाईट हेतूनं नाही लिहिलं. मला एवढंच इंग्रजी येतं. बायकोनं औषधांच्या बाटल्यांवरून उतरवलेलं. त्या बाटल्यांवर वाईट असं काहीच लिहिलेलं नव्हतं. सगळं जपायचंच होतं. थंड जागी ठेवा, सांभाळून ठेवा, मुलांपासून दूर ठेवा. ज्याची काळजी घ्यायची त्याच्यावरच असं लिहितात हो. दगडावर कुणी लिहितं का, कोरड्या जागी ठेवा म्हणून?"

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मी आठ गावांत हा पेपर घेतला," बाई म्हणाल्या. "वरिष्ठांविषयी सगळे तेच लिहितात. माझे साहेब फार चांगले आहेत. माझे साहेब देवासारखे आहेत. आणि प्रत्येक वाक्यात दोन चुका. या पाच वाक्यांत एकही चूक नाही. चाळीसपैकी चाळीस."

"पण मजकूर, बाई! मजकूर बघा की!" साहेब.

"मला व्याकरण तपासायला बोलावलंय," बाई म्हणाल्या. "आणि खरं सांगू? दाब असताना उघडू नये, हे तर मी आत्ता स्वतः बघतेय."

साहेबांनी तोंड उघडलं. मिटलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं, संतापानं. पण नाही, हसत होते! हसता हसता त्यांनी हात मागे नेऊन पाठ खाजवली आणि त्यांच्या हाताला 'नाजूक माल' लागला. तो त्यांनी काढला, वाचला, आणि मग जे हसू फुटलं म्हणता! सेफ्टी व्हॉल्व्ह उडावा तसं! बाहेर कान लावून उभा असलेला टेप दारासकट आत आला.

निकाल संध्याकाळी लागला. शब्द सतरा, उतारा सव्वीस, व्याकरण चाळीस. एकूण त्र्याऐंशी. एकोणीस माणसांत पहिला! टेपला एकावन्न. त्यानं साहेब देवासारखे आहेत असं लिहिलं होतं. पोरांनी मला खोक्याच्या पुठ्ठ्याचा मुकुट करून घातला, त्यावर अर्थातच 'ही बाजू वर.' नव्या बॉयलरची किल्ली साहेबांनी स्वतः माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "मामा, आधी हलवायचा का हो?"

"नाही साहेब. आणि हा थंडही ठेवायचा नाही!"

लेकीला फोन केला. ती ओरडली, रडली, परत ओरडली. मी घरी गेलो तो मुकुट घालूनच. रस्त्यात लोक बघत होते. बघू देत! त्र्याऐंशी आहेत, म्हटलं!

घरी वाटलं, हा आकडा तिच्या वहीत लिहून ठेवावा. पण पुढून वही काठोकाठ भरलेली. शेवटच्या ओळीखालीसुद्धा जागा नव्हती. मग धीर केला आणि वही उलटी करून मागून उघडली.

वाण्याची यादी नव्हतीच. पट्टीनं आखलेला तक्ता होता. वर लिहिलं होतं, 'विद्यार्थ्याचे नाव: हे.' खाली दोन वर्षांच्या चहाच्या वेळांचा हिशेब. पाठांतर, शून्य. उच्चार, शून्य. लक्ष, दोन, आणि पुढे कंसात, 'पेपरवाला आला नाही त्या दिवशी.' हजेरी, दहापैकी नऊ. एकूण, शंभरपैकी अकरा. शेरा, 'हुशार आहेत. पुन्हा बसवावे.'

म्हणजे कारखान्यात पहिला आणि घरात नापास! तेही एकवेळ मान्य. पेपरामागून दिलेल्या उत्तरांना मी तरी किती मार्क दिले असते? त्र्याऐंशीचा आकडा मी अकराच्या खाली बारीक अक्षरात लिहिला, आणि मुकुट काढून ठेवला.

पण हजेरीत नऊ? दोन वर्षांत मी एकदाही सकाळचा चहा चुकवला नव्हता, शपथेवर सांगतो! एक मार्क माझा हक्काचा कापलाय, आणि फेरतपासणीचा अर्ज द्यायचा कुणाकडे, तेवढं कुठल्याच बाटलीवर लिहिलेलं नाही!