गळ्याकडे पाहणारे साडू

विलासराव भेटले की तुमच्या डोळ्यांत पाहत नाहीत, गळ्याकडे पाहतात. "घोट गिळा बरं," म्हणतात. गिळला की लगेच, "थायरॉइड तपासून घ्या जी."

हे माझे साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचे, मंदाताईंचे नवरे. फिट्स, कंपवात आणि हार्मोनच्या गोळ्या करणाऱ्या कंपनीचे भिलाईतले मॅनेजर. मी तिथल्याच स्टील प्लांटात, रोलिंग मिलमध्ये. ते आले की घरात अत्तराचा वास येतो, मी आलो की ग्रीसचा. बायको हे मला विसरू देत नाही.

हुडको कॉलनीत आमच्या घरी ते आले, की शेजारणी माना वर करून रांगेत बसतात. सासूबाईंची सुस्ती त्यांनी नुसत्या चेहऱ्यावरून ओळखली आणि थायरॉइडच निघाला. तेव्हापासून 'आमचे जावई' म्हणजे ते. मी नुसता 'सुनीचा नवरा'.

एका लग्नात त्यांनी नवरदेवाचं मनगट धरलं. "हार घालताना हात थरथरून राहिला, डॉक्टरले दाखवा."

"भैया, घबराहट है," नवरदेव कसाबसा म्हणाला. मांडव हसला. सगळ्यांत मोठ्यानं मी.

गेल्या दिवाळीत जुनवानीला त्यांच्याकडे गेलो. चहा आला तो अर्धा कप. सगळ्यांनाच अर्धा. मॅनेजराच्या घरी ही कंजुषी! मला बरंच वाटलं. आणखी मागायला मुद्दाम स्वयंपाकघरात शिरलो.

मंदाताई चहा ओतत होत्या. हात थरथरत होता. विलासरावांनी खालून तो धरला होता. "अर्धाच भर, म्हणजे सांडत नाही. सगळ्यांलेच अर्धा दिला तर कोणाले काय समजते?"

मला पाहून ते मला अंगणात घेऊन गेले.

"कंपवात वाटते, साडभाऊ."

"मंग डॉक्टरले कावून नाही दाखवलं? सगळे तुमच्या ओळखीचे."

"त्यांनी म्हटलं की मंग खरंच होईल ना जी." ते खाली पाहत होते. "तुम्ही याल सोबत?"

घरी जाताना बायको म्हणाली, "पाहिलं? भाऊजी ताईले चहासुद्धा एकटीनं करू देत नाहीत."

दिवाळी झाल्यावर सुट्टी टाकून त्यांच्यासोबत गेलो. दवाखान्यात ताईंचं नाव पुकारलं, तर विलासरावांना बाकावरून उठताच येईना. ताईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "चला ना जी. मी आहे ना सोबत."

दोघं आत गेले. मी बाहेर बसलो. हेवा तेव्हाही वाटलाच.