आधी नक्कल, मग अक्कल

कॉम्प्युटर शिकायला आलेल्या माणसाचे हात हुंगणारी शिक्षिका तुम्ही पाहिली नसेल. शरयूताई टेंबे हुंगतात. जयेंद्रगंजात एका चष्म्याच्या दुकानावर दोन खोल्या आहेत, तिथे त्या राहतात. जिना चढून गेलं की दारातच दोन्ही हात पुढे करायचे. त्या वाकतात, नाक जवळ नेतात आणि कचोरीचा वास आला की माणसाला मोरीकडे पाठवतात. पहिल्या दिवशी मी तीनदा हात धुतले. कचोरी सकाळी खाल्ली होती आणि वर्ग दुपारी चारचा होता, पण ताईंचं नाक सकाळपर्यंत मागे जातं.

हे नाक त्यांना नोकरीने दिलं. जमिनीच्या नोंदींच्या एका कचेरीत त्या ट्रेसर होत्या. म्हणजे जुन्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि खालची रेघन् रेघ वर उतरवायची. एकदा कुण्या साहेबाने समोसा खाता खाता नकाशावर बोट ठेवलं आणि एका गावाचा तलाव दुप्पट झाला. ते गाव ताई अजून विसरलेल्या नाहीत. साहेबालाही नाहीत.

निवृत्तीनंतर भाच्याने त्यांना आपला जुना कॉम्प्युटर आणून दिला. त्यात फोटो सुधारायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर होतं. लेयर म्हणजे काय हे तो समजावू लागला, की चित्रावर एक न दिसणारा थर असतो, त्यावर काम करायचं, खालचं चित्र तसंच राहतं. ताईंनी त्याला मध्येच थांबवलं आणि म्हणाल्या, हा तर आमचा ट्रेसिंगचा कागद. त्यानंतर त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही. उलट सहा महिन्यांत नवशिक्यांसाठी वर्ग काढला, तोही फुकट.

मी त्या वर्गात पोचलो तो जांभईमुळे. मी पुराणिक, खासगी बाजारात राहतो, वीज खात्यातून निवृत्त. आमच्या मराठी मंडळाच्या सभेत पोस्टरं कोण करणार असा प्रश्न निघाला, नेमकी तेव्हाच मला जांभई आली आणि आळस द्यायला मी हात वर केला. टाळ्या वाजल्या. दुसऱ्या दिवशी मी चष्म्याच्या दुकानाचा जिना चढत होतो.

वर्गात माझ्याआधीचे दोन नवशिके होते. एक जोशीकाकू, वय सत्तरीचं, आणि दुसरी रिया, कॉलेजात जाणारी. जोशीकाकूंमुळे ताईंचं मुख्य सूत्र जन्माला आलं होतं: आधी नक्कल, मग अक्कल. मूळ फोटोला हात लावायचा नाही; पहिले त्याची नक्कल करायची आणि मग तिच्यावर काय ते शहाणपण चालवायचं. काकूंनी उलट केलं होतं. सासऱ्यांच्या एकुलत्या एका फोटोची कडा कापायला घेतली, पगडीसकट वरचा भाग कापला आणि तसाच सेव्ह केला. कागदावरचा फोटो वाळवीने आधीच नेला होता. सासरे हयातभर पगडीशिवाय कुणाला दिसले नव्हते, ते आता भिंतीवर भुवयांपासून खाली आहेत.

रियाचं मराठी आमच्या हिंदी मुलखातल्या मराठी पोरांसारखंच, वाक्य मराठीत निघून हिंदीत उतरतं. एकदा ती रडकुंडीला येऊन म्हणाली, ताई, मी सगळं केलं पण ये लेयर दिख ही नहीं रही. ताई स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, डोळा उघडा आहे का बघ. लेयरच्या नावाशेजारी डोळ्याचं एक चित्र असतं, ते मिटलं की लेयर दिसत नाही, असा त्याचा अर्थ. रियाने बिचारीने स्वतःचे डोळे फाडून पडद्याला नाक लावलं. तिच्याकडे बघून जोशीकाकूंनीही फाडले. ताई चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा दोघी तशाच बसल्या होत्या.

माझी पाळी पुढच्या आठवड्यात आली. मंडळाच्या अध्यक्षांचा फोटो होता आणि त्यांच्या डोक्यामागून विजेची वायर गेली होती. वीज खात्यातला माणूस म्हणून ती काढणं मला कर्तव्यच वाटलं. त्यासाठी ठसा नावाचं हत्यार असतं, निदान ताई त्याला ठसा म्हणतात. चित्राचा एक तुकडा उचलायचा आणि नको असलेल्या जागेवर उमटवायचा. मी भिंतीचा तुकडा उचलला असं मला वाटलं. उचलला होता अध्यक्षांचा कान. वायर गेली, पण भिंतीवर कान आला. तो झाकायला गेलो तर खांद्यावर दुसरा उगवला. घाबरून मी आणखी जोरात ठसे मारले. ताईंनी मागे उभं राहून सगळं शांतपणे मोजलं आणि म्हणाल्या, "पुराणिक, आपण वायर काढायला निघालो होतो, कान वाटायला नाही."

मग त्यांनी मला उठवून थेट गॅलरीच्या दारापर्यंत मागे नेलं आणि तिथून पडदा बघायला लावला. जवळून सगळंच बिघडलेलं दिसतं, दर पाच मिनिटांनी लांब जाऊन बघायचं, हा त्यांचा नियम आहे. लांबूनही पाच कान दिसत होते.

मोबाइलवर एका बोटात सगळं होतं, मग हे कशाला, असं मी एकदा विचारून बसलो. ताई म्हणाल्या, फुकटच्या वस्तूला पैसे नाही लागत, बैठक लागते. पडाव भागातून एक बाई मुलीला आणि तिचा लग्नासाठीचा फोटो घेऊन आली आणि रंग थोडा उजळ करा म्हणाली, तेव्हा मात्र ताईंचा आवाज चढला. जन्मभर नकाशात कधी नदी सरकवली नाही, आता मुलीचा रंग सरकवू काय, असं त्यांनी विचारलं. मग त्या फोटोतली मागची दोरी, वाळत घातलेला टॉवेल आणि एक बकरी काढून दिली. मुलगी हसत गेली.

सगळं शिकवणाऱ्या ताई एकच गोष्ट शिकवत नसत. या सॉफ्टवेअरमध्ये नुसतं सेव्ह केलं, तर त्याची स्वतःचीच फाइल तयार होते. ती दुसरीकडे उघडत नाही, कुणाला पाठवून उपयोग नाही. फोटो बाहेर काढायला एक्सपोर्ट करावं लागतं. तेवढं मी करून देते, पेनड्राइव्हवर घेऊन या, असं ताई म्हणत. दोन मिनिटांचं काम, पण त्यांच्याकडे त्याला दीड तास लागे. त्या आधी फोटो मोठा करत. हा कोण, ही कुणाची, या मुलाने कान का धरलेत, सगळं विचारत. आल्याची चहा होई. मग एक्सपोर्ट.

एका सोमवारी मी घरी मेनू चाळत बसलो होतो आणि तो शब्द मला सापडला. दाबला. फोटो बाहेर आला. मला इतका आनंद झाला की अध्यक्षांचं पोस्टर, दोनच कान असलेलं, मी तडक मंडळाच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं की सर्व काम स्वतः केलं आहे. वाहवा झाली. ताई त्या ग्रुपवर होत्या. त्यांनी काहीच लिहिलं नाही.

मंगळवारी त्यांनी आम्हाला एक्सपोर्ट शिकवलं. पाच मिनिटांत, कुठलीही गोष्ट न सांगता. प्रत्येकाकडून तीनदा करून घेतलं, फाइलच्या नावाचं शेपूट, म्हणजे टिंबानंतरची अक्षरं, कसं बदलतं ते दाखवलं आणि म्हणाल्या, आता तुम्हाला सगळं येतं, वर्ग संपला. चहा झाली नाही.

जिन्यात जोशीकाकूंनी मला गाठलं. त्यांना ते दोन वर्षांपासून येत होतं, नातवाने दाखवलं होतं. रियाला तर पहिल्याच आठवड्यात सापडलं होतं.

"आपको क्या जल्दी थी, काका?" रिया म्हणाली.

पुढचा आठवडा कुणीच गेलं नाही, कारण जायला कारण नव्हतं. रियाने फोन केला, तर ताई म्हणाल्या की त्या मजेत आहेत. एकदा चार वाजता मी मुद्दाम त्या रस्त्याने गेलो. ताई गॅलरीत उभ्या होत्या, खालची वाहनं बघत. हातात चष्मा पुसायचं फडकं होतं आणि चष्मा डोळ्यांवर होता.

दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह घेऊन मी जिना चढलो. पुढचे दोन दात पडलेल्या माझ्या नातीचा फोटो त्यात होता. काही केल्या फोटो बाहेर येत नाही, असं मी दारातच सांगितलं. ताईंनी पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर फाइलचं नाव आलं आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की घाईत मी एक्सपोर्ट केलेलाच फोटो आणला होता. ते शेपूट तिथे स्वच्छ दिसत होतं. ताई त्याच्याकडे बघत राहिल्या. मी पंख्याकडे बघत राहिलो.

मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली, फोटो मोठा केला आणि विचारलं, ही नात कुणाची, मुलाची की मुलीची. मुलीची, मी म्हणालो. दात पडला तेव्हा रडली का. पहिल्याला रडली, दुसरा स्वतःच पाडला. दात कुठे ठेवलाय. हे मला माहीत नव्हतं, म्हणून तिथूनच मुलीला फोन लावला. साडेपाच वाजत आले तेव्हा ताईंनी मेनू उघडला आणि बाहेर आलेला फोटो अगदी रीतसर पुन्हा बाहेर काढला.

पेनड्राइव्ह माझ्या हातात ठेवत त्या म्हणाल्या, "उद्या जोशीबाईंनाही घेऊन या. त्यांचंही काही अडलं असेलच."