ह्यात जनावर कोणतंय?

माझ्या पार्लरात शिरलेली बाई आधी आरशात बघते. वाघमारेकाका आधी माझ्या कपाटात बघतात. एकेक बाटली उचलायची, मागची मुंगीएवढी अक्षरं नाकाला चिकटवून वाचायची आणि खणखणीत आवाजात विचारायचं, "सुनीताबाई, ह्यात जनावर कोणतंय?"

आडनाव वाघमारे, पण जन्मभर मारले ते फक्त शिक्के. परदेशातून येणाऱ्या मालात कातडं, चरबी, लोकर असं काही असलं, तर त्यातून आपल्या गुराढोरांना रोगराई येऊ नये म्हणून तपासणारं एक सरकारी खातं असतं. काका त्यात बंदरावर होते. रिटायर झाले आणि इथं गारखेड्यात, नेमके माझ्या पार्लरच्या डोक्यावर राहायला आले. नोकरी सुटली, खोड काही सुटली नाही. "दाखला नाय, तर माल नाय," हे त्यांचं ब्रीदवाक्य.

एकदा मी मोठ्या हौसेनं कोरियाची क्रीम मागवली. उस्मानपुऱ्याच्या एक मॅडम खुर्चीत डोळे मिटून, तोंडाला लेप लावून पडलेल्या. काकांनी डबी उलटी केली.

"अरारारा! गोगलगायीची लाळ!"

मॅडमचे डोळे खाडकन उघडले.

"गोगलगाय अन् पोटात पाय ऐकलं व्हतं. गोगलगाय अन् गालावर पहिल्यांदा बघायलोय. कुठल्या देशाची? दाखला कुठंय?"

मॅडम लेपासकट रिक्षात बसल्या. नंतर मुकुंदवाडीच्या एका नवरीला लिपस्टिक लावत होते, तर हे दारातूनच म्हणाले, "पोरी, हा लाल रंग किडे वाटून करत्यात." नवरीनं भोकाड पसरलं. तिची समजूत काढायला काका पुढं सरसावले, "रडू नको गं. किड्याला गुरांसारखा लाळ्या-खुरकूत रोग होत नाय."

"काका, माझ्या धंद्याच्या मुळावर उठलाय का तुम्ही?" मी हात जोडले.

"मी कुठं नको म्हणलो? खुशाल लावा. फक्त कुठलं जनावर लावायलाव, ते माहीत पाहिजे."

ह्यावर औषध एकच, शांताकाकू. त्या गॅलरीतून हाक मारायच्या, "अहो, वर या. चहात म्हशीचं दूध घातलंय, म्हैस ओळखीची हाय." काका मुकाट जिना चढायचे.

मागच्या वर्षी काकू गेल्या. तेव्हापासून काकांच्या खाली चकरा वाढल्या, आणि मी त्यांना बोलायचं सोडून दिलं. वाचू दे बाटल्या. वाचून तरी किती वाचतील?

मग ऑस्ट्रेलियात त्यांच्या लेकीला, रूपालीला, मुलगी झाली. काका फोन घेऊन धावत खाली आले, स्पीकर लावूनच. रूपाली म्हणत होती, "बाबा, आईच्या हातचं काजळ पाठवा ना. डोळ्यात नाही घालत, नुसती तीट लावते."

काकूंची एकच डबी उरली होती. काकांनी ती आणली, मी पाकीट शोधायला लागले, आणि त्यांनी माझा हात धरला.

"थांबा. ह्यात जनावर हाय."

"काका, काजळ आहे हे!"

"गाईचं साजूक तूप हाय त्यात. घरी केलेलं. ना सील, ना दाखला. तिकडं लई कडक असतंय. काढून घेत्यात अन् फेकून देत्यात."

"कुणाला कळायलंय? क्रीमच्या रिकाम्या डबीत भरते."

काका असे काही तडकले म्हणता! "लोकाच्या पिशव्या उघडण्यात जन्म गेला माझा. लोकं रडायची, तरी माल सोडला नाय. आता स्वतःच्या पोरीसाठी चोरून पाठवू?" मग डबी मुठीत धरून एकदम हळू आवाजात म्हणाले, "अन् खरंच फेकली तर? एवढीच राहिलीय हो तिची."

मी स्वयंपाकघरातनं एरंडेलाची बाटली आणून त्यांच्यापुढं ठेवली.

दुसऱ्या दिवशी काका माझ्या पार्लरच्या मागच्या खोलीत एरंडेलाचा दिवा लावून, त्यावर ताटली पालथी धरून बसले. काजळी ताटलीवर कमी, काकांवर जास्त. नाक काळं, कान काळे, टक्कल तर विचारूच नका. एक गिऱ्हाईक आत डोकावून म्हणाली, "ताई, हे कोणतं फेशियल?" पण काजळ झालं. काकांनी डबीवर ठसठशीत लिहिलं: एरंडेल, काजळी. जनावर नाही. मग सगळं रीतसर जाहीर करून पार्सल पाठवलं आणि ते पोचेपर्यंत माझं डोकं खाल्लं.

पोचलं एकदाचं. रूपालीनं व्हिडिओ कॉल लावला. बाळाच्या गालावर ही एवढी मोठी तीट.

"बाबा, छान झालंय. पण आईच्या काजळाचा वास नाही येत."

काकांनी शर्टाच्या खिशातून काकूंची डबी काढली. हा माणूस दृष्टबिष्ट मानत नाही. "बघण्यानं ताप येत नाय, जंतूनं येतो," असं काकूंना जन्मभर ऐकवलेलं. तोच माणूस करंगळी काजळात बुडवून मोबाईलवर वाकला.

"काचंच्या ह्या बाजूला चालतंय," मला म्हणाले.

करंगळी टेकणार तेवढ्यात तिकडं बाळ रडलं, रूपालीनं फोन वळवला, आणि तीट उमटली ती रूपालीच्या गालावर. मी पुसायला कापूस पुढं केला.

"राहू द्या," काका म्हणाले. "तिची आई आधी तिलाच लावायची."