तांडेलकाका आणि आमची दोरी

रोज संध्याकाळी पाचला तांडेलकाका आमच्या अंगणात येत आणि कपडे वाळत घालायची दोरी जोर लावून ओढून पाहत. रामराम वगैरे त्यानंतर.

"काहून गा मास्तर, ही गाठ कोणं मारली?"

"मी."

"मंग तू अजून खलाशीच हायेस."

काका मूळचे उमरेडचे. पोरवयात मुंबईला पळाले आणि तीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढली. काकू गेल्यावर हुडकेश्वरला येऊन एकटेच राहिले, जिथे पाणी म्हणजे विहिरीचं. जहाजावर नवा तो खलाशी, खलाशावर तांडेल, तांडेलावर सारंग, हे गल्लीतल्या म्हशींनाही पाठ झालं असेल. आमच्या सौभाग्यवतीला त्यांनी आठवड्याभरात तांडेल केलं. मी तीन वर्षं खलाशीच! राग यायचा, खोटं कशाला बोलू.

"खलाशानं गाठ मारायची, तांडेलानं ओढून पाहायची. न पाहता सोडली तं तो तांडेल कायचा?" असं म्हणत ते पुढच्या घरी जात.

एका उन्हाळ्यात मात्र ते दिवसातून चार-चारदा येऊ लागले. गाईचं दावं, पाळण्याची दोरी, काही सोडेनात. मी एकदा फटकन बोललो, "काका, कपडेच आहेत. पडले तर पुन्हा धुऊ."

ते ओट्यावर बसले. "वसंताचं पत्र नाही गा. दोन महिने झाले." वसंता त्यांचा एकुलता एक मुलगा, मुंबईतच राहिलेला, नुकताच जहाजावर लागलेला. "नव्या खलाशाले जहाजाच्या बाहेरून फळीवर लटकवून रंग मारायले लावतात. खाली समुद्र. त्याच्या फळीचा दोर कोणी पाहत असन का?"

मला माझीच लाज वाटली. त्यानंतर पोस्टमनच्या सायकलची घंटी वाजली की मीही ओट्यावर येऊन उभा राहायचो.

तिसऱ्या आठवड्यात पत्र आलं. काकांनी ते न फोडताच माझ्या हातात दिलं, म्हणून मीच वाचलं. वसंता कुरकुरत होता: इथला म्हातारा तांडेल फार छळतो, माझी प्रत्येक गाठ ओढून पाहतो, वर शिव्या घालतो.

"शिव्या घालते?" काकांचे डोळे भरून आले. "घालू दे, घालू दे!"

मग त्यांनी मला उत्तर लिहायला बसवलं. "त्या तांडेलाले माझा रामराम सांग. अन् त्याची गाठ कोणी पाहते का, तेही इचार."

दुसऱ्या दिवशी पाचला मीच त्यांच्या अंगणात गेलो आणि त्यांची दोरी ओढून पाहिली. ढिली होती.