काकांच्या खिशातली शिट्टी

रेकॉर्डिंग करायचं असलं की घाटोळेकाका आधी आमच्या स्वयंपाकघरात यायचे, गॅस बंद करायचे आणि कुकरची शिट्टी काढून खिशात टाकायचे.

"पंधरा मिनिटं, भैया. डाळ काही पळून नाही जाऊन राहिली."

मदन महल वस्तीत आमची भिंतीला भिंत. काका तोफांच्या कारखान्यात तपासणीला होते. मापात सूतभर फरक दिसला की "बाद!" म्हणायचे, नसला तर नुसते गप्प. "पास" मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. नाद मात्र फिनलंडच्या कुणा संगीतकाराचा! परदेशी रेडिओवर त्याच्या वाद्यवृंदाच्या छोट्या रचना लागत. काका रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून त्या उतरवून घेत. छोट्याच का? "लंबी चीज इथं नाही जमत. मधीच लाइट जाते."

एकदा ऐन रेकॉर्डिंगमध्ये काकूंना शिंक आली. "बाद!" काकांनी कॅसेट पुसून टाकली. पुढे दर वेळी काकूंची रवानगी आमच्याकडे. त्या ओट्याशी पाटावर बसून तांदूळ निवडत आणि नवऱ्याच्या नावाने बोटं मोडत.

काकू गेल्या. मग महिनाभर भिंतीपलीकडून त्याच रचना, पूर्ण आवाजात. शेवटी वैतागून भांडायलाच गेलो. काका टेपरेकॉर्डरला कान लावून बसले होते.

"चाळीस कॅसेटा ऐकल्या, भैया. तिची बांगडीसुद्धा वाजत नाही कुठं. काहून इतकं साफ काम केलं मी?"

तसाच घरी परतलो आणि बायकोला सांगितलं.

"अहो, काकू तर इथं आल्या की तेच गुणगुणत होत्या ना!" सुधा म्हणाली. "भिंतीतून ऐकून ऐकून पाठच झालं होतं त्यांना." आणि जाऊन काकांना बोलावून आणलं.

काका टेपरेकॉर्डर घेऊनच आले. काकूंच्या पाटावर बसले, लाल बटण दाबलं.

"कशी म्हणे ती? म्हणून दाखव ना, बेटा."

सुधाचं गाणं आरतीपुरतं. तिने ती फिनलंडची चाल काकूंच्या वळणाने, म्हणजे बरीचशी भजनासारखी, म्हटली. मधेच कुकर बोलला. मी गॅस बंद करायला धावलो.

"राहू द्या," काका म्हणाले.

सूर दोनदा चुकला, शिट्टी तीनदा झाली, आणि शेवटी मीही खोकलो. काकांनी बटण बंद केलं, डोळे पुसले.

"पास," ते म्हणाले.